मागच्या खोलीत ठेवलंय

१

दुपारचं जेवण झालं, की कवळीवाले हात पुसत बाहेरच्या खोलीत यायचे, कॉम्प्युटर सुरू करायचे आणि जगात जे जे म्हणून उपयोगाचं आहे ते नंतरसाठी ठेवून द्यायचे. वाचायचे नाहीत हं. ठेवायचे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ती एक चांदणी असते ना, ती दाबली की पान बुकमार्कात जाऊन बसतं आणि माणसाला वाटतं, चला, आपण शहाणे झालो. कवळीवाले रोज जेवणानंतर असे भरपूर शहाणे व्हायचे आणि मग खुर्चीतच डुलकी काढायचे.

माणूस मुळातच साठवणारा. पेशा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवणार, हे त्यावरून प्लास्टरचा साचा ओतणार, साच्यावर मेणाच्या हिरड्या, हिरड्यांत दात. कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसली की साच्याचं काम संपतं. पण ह्यांनी आजवर एकही साचा टाकलेला नाही. बाहेरच्या खोलीची मागची भिंत छतापर्यंत साच्यांच्या मांडणीनं झाकलेली. वरचे जबडे, खालचे जबडे, सगळे आ वासून. त्यातले निम्मे मालक केव्हाच वर पोचले होते, जबडे मात्र इथे ताटकळत होते. एका बँडवाल्याच्या साच्यातून वारा सुटला की ट्रम्पेटचा सूर निघतो, असं कवळीवाले शपथेवर सांगायचे. बायको म्हणायची, "सूर निघतो खरा, पण खिडकीच्या बिजागरीतून."

बायको म्हणजे पुस्तकबाई. शाळेच्या ग्रंथालयात उभी हयात गेलेली, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोवलेली. त्यांची पुस्तकं लावायची रीत जगावेगळी होती. विषयाप्रमाणे नाही, लेखकाप्रमाणे नाही, तर प्रसंगाप्रमाणे. कप्प्यांवर चिठ्ठ्या असायच्या: 'ताप आला असेल तर', 'मैत्रिणीशी अबोला असेल तर', 'उगाचच रडू येत असेल तर'. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला; पण पोरं डोळे मिटून हवं तिथे हात घालायची. घरातही तोच कारभार. बिस्किटांच्या डब्यावर 'पाहुणे न सांगता आले तर'. खिळ्यांच्या डब्यावर 'काही पडलं तर'. आणि नवऱ्याला हाक 'अहो बत्तिशी'. ही हाक जगात फक्त त्याच मारायच्या.

गेल्या वर्षापासून पुस्तकबाई वाक्याच्या मध्येच थांबायला लागल्या. आधी शब्द गेले, मग नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गेलेलं परत येत नाही हेही सांगितलं. मग एका सकाळी पुस्तकबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "दादा, तुमचं काम झालं असेल तर जाताना दार लोटून घ्याल?"

त्या दिवसापासून 'बत्तिशी' हा शब्द घरातून गेला.

२

वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "ह्यांचाच जुना आवाज कुठे मिळतोय का बघा. स्वतःचा आवाज ऐकून कधी कधी माणूस जरा जागा होतो. हाकबिक मारतो. खात्री नाही देत हं मी."

जुना आवाज होता. पुस्तकबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं आपल्या संकेतस्थळावर त्यांचं छोटंसं बोलणं ठेवलं होतं, पुस्तक कसं शोधावं यावर. कवळीवाल्यांनी त्या दिवशी मोठ्या अभिमानानं चांदणी दाबली होती. आणि नंतर ऐकू, म्हणून कधीच ऐकलं नव्हतं. आता शाळेचं संकेतस्थळ नवं झालेलं. शोधलं तर सापडेना. शाळेच्या कारकुनानं फोनवर सांगितलं, "जुनं पान तिथेच असेल कुठेतरी, पण दार बंद केलंय. तुमच्याकडे पत्ता असेल तर उघडेल."

पत्ता होता, बुकमार्कात होता, आणि बुकमार्कात काय नव्हतं! 'मुखपृष्ठ', पुन्हा 'मुखपृष्ठ', आणखी एक 'मुखपृष्ठ'. 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात काहीच नाही. 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे', 'खरंच महत्त्वाचे'. बायको आजारी पडल्यापासून तर कवळीवाल्यांच्या चांदण्यांना ऊत आला होता: स्मरणाचे व्यायाम, बदामाचे गुण, बदामाचे तोटे, परदेशातल्या कुणा आजीला म्हणे सगळं परत आठवलं. निम्म्या पानांवर टिचकी मारली की उत्तर एकच, हे पान सापडत नाही.

परगावी राहणारी लेक फोनवर हसली. "बाबा, हा कॉम्प्युटर आहे की माळा?"

"माळा बरा गं. माळ्यावर निदान शिडी लावून चढता तरी येतं."

"रोज थोडं थोडं आवरा. नको ते टाकून द्या."

"टाकू? उद्या लागलं म्हणजे?"

"बाबा, 'मांजराला चष्मा कसा करावा' हे तुम्हाला उद्या लागणार आहे?"

"मांजराला लागलं तर?"

लेक पुन्हा हसली. मग म्हणाली, "आईचा आवाज तेवढा शोधा. मलाही ऐकायचाय."

३

आवरायला घेतल्याच्या दुसऱ्या दुपारी ढिगाच्या अगदी तळाशी एक फोल्डर दिसला. नाव होतं, 'मागची खोली'.

कवळीवाल्यांना हसूच आलं. त्यांच्या घराला बाहेरची खोली होती, आतली खोली होती, स्वयंपाकघर होतं, आणि घर संपत होतं. म्हातारपणी माणूस स्वतःचीच कशी थट्टा करतो बघा, असं म्हणत त्यांनी तो उघडला.

आत मोजकेच बुकमार्क होते. एकाखाली एक, नीट. 'पाय आखडले तर'. 'डोळ्याला डोळा लागत नसेल तर'. 'ह्यांना राग आला तर'.

माउसवरचा हात त्यांनी चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग पुन्हा ठेवला आणि तिसऱ्यावर टिचकी मारली. पान उघडलं. घोड्याच्या दातांविषयीचं होतं, वय कसं ओळखतात वगैरे. कवळीवाल्यांनीच केव्हातरी ठेवलेलं.

आता हे घोड्याचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. कवळीवाले चिडले की घर डोक्यावर घेत. अशा वेळी पुस्तकबाई निवडणं-टिपणं न थांबवता भाबड्या चेहऱ्यानं विचारत, "अहो, घोड्याला दात किती हो?" की झालं! कवळीवाले घोड्यावर बसायचे. नर, मादी, सुळे, अक्कलदाढा, एकदा सर्कशीतल्या घोड्याला आपण सोन्याची दाढ कशी बसवली आणि त्या मोहात घोडा कसा तोंडच मिटेना, इथपर्यंत दौड जायची. राग कुठल्या कुठे. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, बाईला घोड्यांचं वेड आहे.

आणि आज कळलं, ते औषध होतं. डब्यावर चिठ्ठीसुद्धा होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. "तू लांबून माझ्या कॉम्प्युटरात काही केलंस का गं?"

"मला तुमचा पासवर्डही माहीत नाही."

"मग आईनं केलं?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, आईच्या हातात परवा रिमोट दिला तर तिनं केस विंचरले. तुम्हीच केलं असेल. जेवण झाल्यावर तुम्ही निम्मे झोपेतच असता."

हे पटण्यासारखं होतं. डुलकीत माणूस काय काय करतो. इतकी वर्षं बायकोच्या चिठ्ठ्या वाचल्या, तर हाताला वळण लागणारच. कवळीवाल्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती जवळजवळ पटली.

४

दोन दिवसांनी कवळीवाल्यांची कानस सापडेना. दातांच्या कडा घासायची ती बारीक कानस नव्हे, लाकूड तासायची मोठी. ते सगळे खण उपसत होते. पुस्तकबाई खिडकीशी बसून हातातला रुमाल घड्या घालत होत्या आणि मोडत होत्या.

"मागच्या खोलीत ठेवलंय," त्या म्हणाल्या.

गेल्या कित्येक दिवसांत इतकं सरळ, पूर्ण वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. कवळीवाले खणात हात घातलेले तसेच राहिले.

"कुठल्या मागच्या खोलीत?"

पुस्तकबाईंनी मान वळवून साच्यांच्या मांडणीकडे पाहिलं, जसं आपण उघड्या दाराकडे पाहतो. आणि पुन्हा रुमालाची घडी घातली.

घर तिसऱ्या मजल्यावर. मांडणीमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे हवा. तरी कवळीवाले जिन्याच्या वळणावरच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून बघून आले. उघडी भिंत, सांडपाण्याचे दोन पाइप, कठड्यावर एक कबुतर. कबुतरानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे स्वतःच ओशाळले.

त्याच दुपारी मांडणीमागून पहिल्यांदा आवाज आला. खर्रर्र, मग अडकल्यासारखा थांबा, मग टक.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. शाळेच्या ग्रंथालयात कार्डांचे लांबट लाकडी खण होते. त्यातला पुस्तकबाईंच्या टेबलाजवळचा मध्येच अडकायचा. त्याला गुडघ्यानं ढोसणी दिली की टक करून बसायचा. त्यामुळे त्यांच्या गुडघ्यावर कायमचा काळा डाग पडला होता. "मी येतो आणि कानशीनं तासून देतो," असं कवळीवाले वर्षानुवर्षं सांगत होते. नंतर. शेवटी पुस्तकबाई निवृत्त झाल्या आणि शाळेनं ते कपाटच मोडीत काढलं.

पाइपातून पाणी जात असेल, असं कवळीवाल्यांनी ठरवलं. हे ठरवण्याच्या नादात भांड्यातलं कालवलेलं प्लास्टर घट्ट होऊन बसलं, आख्खं काम वाया गेलं, आणि त्यांचा तोल सुटला. प्लास्टरला बोलले, पाइपांना बोलले, कबुतरालाही सोडलं नाही. बोलता बोलता मध्येच थांबले. सवयीनं. आता ती घोड्याचं विचारेल म्हणून.

पुस्तकबाई त्यांच्याकडे शांतपणे बघत होत्या. घाबरल्या नव्हत्या, रुसल्या नव्हत्या. तो प्रश्न त्यांच्यापाशी नव्हता, एवढंच. डबा होता तिथे नुसती गोल खूण उरावी, तसं.

आणि मांडणीमागे खर्रर्र. टक.

५

आता यापुढे शहाण्या माणसानं काय केलं असतं? कॉम्प्युटर बंद केला असता. पण शहाणपण सगळं बुकमार्कात होतं.

कवळीवाले रोज दुपारी ढीग उपसत. रोज डुलकीनंतर बघावं तर आणखी काही बुकमार्क आपसूक 'मागच्या खोली'त जाऊन नीट लागलेले. भीती वाटायची, नाही असं नाही. पण भीतीच्या पोटात एक ऊबही होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. ह्या चिठ्ठ्या तिच्या होत्या. 'ह्यांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली तर' अशी एक चिठ्ठी वाचून तर ते एकटेच खो खो हसले होते.

आवाजाचं पान मात्र सापडत नव्हतं. वाचा-उपचारवाल्या बाई सांगून गेल्या होत्या, "लवकर बघा काका. ऐकून ओळखायची ताकद आहे तोवर."

लग्न झाल्यापासून कवळीवाल्यांची एक सवय होती. संध्याकाळी घरी आले की खिशातलं सगळं बायकोच्या ओच्यात ओतायचं: मोडकी चावी, सुटे स्क्रू, पावत्या, कुणाचा तरी एखादा दात. "घे, लाव तूच." आणि सकाळपर्यंत एकूण एक वस्तू आपापल्या जागी गेलेली असायची.

त्या दुपारी थकून त्यांनी तेच केलं. उरलासुरला सगळा ढीग एका दमात उचलला आणि ओढत नेऊन 'मागच्या खोली'त सोडला. एवढं नीट लावणारं जे कोणी आहे, ते ढिगातून तिचा आवाज माझ्याआधी काढेल, असा साधा हिशेब.

"घे बाई," ते मोठ्यानं म्हणाले. "लाव तूच."

डुलकी लागली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या ओळी हलायला लागल्या. एक ओळ वर सरकली, एक खाली गेली, एकीचं नाव पुसलं आणि दुसरं उमटलं. घाई अशी नव्हती. भरपूर काम समोर आलेल्या माणसाची असते तशी रमलेली गती होती. मांडणीमागे खण उघडत होते आणि मिटत होते. अंधार पडला तरी चालूच होतं.

सकाळी पुस्तकबाई पलंगाच्या कडेवर बसून होत्या. पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर.

"चला, चहा घेऊ," कवळीवाले म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. आणि बसूनच राहिल्या. मग हळूच विचारलं, "इथून कुठे जायचं असतं?"

स्वयंपाकघर समोर होतं. चार पावलांवर.

लेकीचा फोन आला. कवळीवाल्यांनी तो बायकोच्या कानाला लावला. "आई, मी बोलतेय! आई?" पुस्तकबाईंनी फोन दूर धरून त्याकडे कौतुकानं पाहिलं. "कुणाची मुलगी आहे हो? गोड बोलते."

कवळीवाले कॉम्प्युटरकडे धावले. 'मागची खोली' भरून गेली होती, आणि काय सुरेख लागली होती! 'सकाळी जाग आली तर'. 'चहा करायचा असेल तर'. 'लेकीचा फोन आला तर'.

जे तिकडे लागत होतं, ते इथून जात होतं. आणि कालचा सगळा ओचा त्यांनी स्वतः भरून दिला होता.

६

त्यांनी 'लेकीचा फोन आला तर' माउसनं पकडला आणि ओढून बाहेर आणला. बाहेर पडताक्षणी चिठ्ठी गळून गेली. हातात नुसतं 'मुखपृष्ठ' राहिलं.

आतल्या खोलीतून पुस्तकबाईंची हाक आली. "फोन! अहो, फोन वाजतोय!"

कवळीवाले आनंदानं धावत आत गेले. पुस्तकबाई उशा उचलून बघत होत्या. चादरीखाली, खिडकीमागे, स्वतःच्या बाहीत. "वाजतोय ना. घ्या ना कुणीतरी. पोरगी पलीकडे उभी आहे."

"नाही वाजत. हे बघ, इथे आहे फोन. मी लावून देतो तिला."

लेकीचा आवाज आला, तरी पुस्तकबाईंचं शोधणं थांबेना. ज्या फोनवर लेक होती तो फोन त्यांना हवा नव्हता. जो वाजत होता तो हवा होता. दुपारपर्यंत त्यांनी घर धुंडाळलं. घाम फुटला, ओठ सुकले, दोन्ही हात हवेत काहीतरी उचलत राहिले. वस्तू परत आली होती, तिची जागा आली नव्हती.

शेवटी कवळीवाल्यांनीच खाली मान घालून तो बुकमार्क पुन्हा आत सरकवला.

खर्रर्र. टक.

पुस्तकबाई जागच्या जागी थांबल्या. मोठा श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. मग येऊन खुर्चीत बसल्या आणि रुमाल हातात घेतला.

कवळीवाले बराच वेळ त्यांच्या पायाशी बसून होते. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बरोबरच होतं. पण ते जातं कुठे, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

७

आवाजाचं पान त्यांना दुसऱ्या दिवशी सापडलं. पत्ता शोधून नाही. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी वाचून काढल्या. वाचता वाचता हसले, डोळे पुसले, चष्मा पुसला. सगळ्यात शेवटची चिठ्ठी होती:

'मी सापडले नाही तर'.

त्यांनी पुस्तकबाईंना हात धरून आणलं, शेजारच्या खुर्चीत बसवलं. दुपारचं ऊन साच्यांवर पडलं होतं. जुनाट पिवळं पान उघडलं, त्यावर एकच बटण. त्यांनी ते दाबलं.

"मुलांनो, पुस्तक सापडत नसेल तर घाबरायचं नाही." खणखणीत आवाज. कॉम्प्युटरच्या डब्यातून नव्हता येत. मांडणीमागून येत होता. "ते कुठे आहे, हे आठवत बसू नका. ते तुम्हाला कशासाठी हवं होतं, ते आठवा. पाय आपोआप तिकडे वळतात."

शेजारी बसलेल्या पुस्तकबाई नम्रपणे ऐकत होत्या, दुसऱ्याच्या कार्यक्रमाला आल्यासारख्या.

पडद्यावरचं बटण थांबलं. ध्वनिफीत संपली.

"अहो बत्तिशी," मागून आवाज आला.

कवळीवाले उठले. त्यांना ती हाक कशासाठी हवी होती हे पक्कं आठवत होतं, आणि पाय आपोआप वळले. त्यांनी मधल्या फळीवरचा एक जबडा काढून खाली ठेवला. मग दुसरा. मग बँडवाल्याचा. फळीमागे भिंत असायला हवी होती. तिथे बोटभर रुंदीची फट होती आणि फटीतून उजेड येत होता, टेबलावरच्या दिव्याचा असतो तसा.

त्यांनी डोळा लावला.

खण होते. लांबट, लाकडी, वरपर्यंत गेलेले, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. कुठे कणभर पसारा नाही. दिव्याखाली एक पाठ वाकलेली. अंबाडा. अंबाड्यात पेन्सिल. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर एक कामाचा अंगरखा टाकलेला होता, प्लास्टरचे डाग पडलेला, डावा खिसा उसवलेला.

कवळीवाल्यांनी खाली पाहिलं. तो अंगरखा त्यांच्या अंगात होता. डावा खिसा उसवलेला.

पाठ वळली नाही. काम करणाऱ्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. नुसता आवाज आला, लाडिक, किंचित कातावलेला, अगदी रोजचा. "लोटा की ते. धूळ येतेय. अजून बरंच लावायचंय."

त्यांनी साचे जागच्या जागी ठेवले. बँडवाला सगळ्यात शेवटी. मागे वळले तर पुस्तकबाई खुर्चीतून उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, नवऱ्याच्या उसवलेल्या खिशात घातला, आत चाचपून एक स्क्रू काढला आणि मुठीत जपून धरला.

८

पानं गळायच्या सुमारास लेक राहायला आली. आईचे केस विंचरून दिले, तिला घास भरवला, आणि मग कॉम्प्युटर उघडून बघितला तर तिचा विश्वास बसेना. एकच फोल्डर. बाकी सगळं कोरं.

"बाबा! हे तुम्ही आवरलंत?"

"छे. तुझ्या आईनं."

"काहीतरीच तुमचं."

"अगं खरंच. मागे बसून लावत असते." आणि कवळीवाल्यांनी तिला सगळं सांगितलं, फटीसकट. लेकीनं ऐकून घेतलं, जसं लहानपणापासून सर्कशीतल्या घोड्याचं ऐकून घेत आली होती. शेवटी फक्त त्यांचा हात दाबला. चांगली गोष्ट आहे, म्हणाली.

कवळीवाले आताशा नवीन पानांवर चांदण्या दाबत नसत. लागतं ते तिकडे आहे, हे ठाऊक असल्यावर हावरटपणा उरत नाही. दुपारी ते बायकोच्या शेजारी बसत. तिला त्यांचं नाव आठवत नसे, पण ती त्यांचा खिसा रोज रिकामा करी. जाग आली की कधी कधी फोल्डरात एखादी नवी चिठ्ठी दिसायची. परवाची होती, 'ह्यांना जिना आठवला नाही तर'. त्यांनी ती उघडली नाही. लागेल तेव्हा उघडू.

लेक बसली होती ती खुर्ची डुगडुगत होती. तिनं ती उलटी करून पाहिली. "बाबा, एक पाय लांब आहे. जरा तासायला हवा. तुमची ती मोठी कानस कुठेय?"

कवळीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. कानस. शब्द कानावरून गेला आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. लांब असते की गोल, कशाला लागते, लोखंडाची की लाकडाची, काही म्हणजे काही आठवेना. ती कुठे आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

"मागच्या खोलीत ठेवलीय," ते म्हणाले.

लेकीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. तिनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यावेळी तो गोष्ट सांगत नव्हता. मग ती मांडणीकडे बघायला लागली, कारण तिकडून आवाज आला होता.

खण मिटल्याचा. खर्रर्र झाला नाही, मध्ये अडकला नाही, गुडघ्याची ढोसणी लागली नाही. एका लयीत सरळ आत गेला, अलगद. कुणीतरी तो तासून दिला होता.